घाल हात भोपळ्यात!

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेत किराणा दुकानांच्या दारात भोपळ्यांचे ढीग लागतात. शेजारच्या अंगणात सांगाडे उभे राहतात, झुडपांवर खोटी जाळी चढतात आणि तीन वर्षांचं मूल तुमचा हात घट्ट धरून विचारतं, "ते खरं आहे?" या प्रश्नाचं सगळ्यात छान उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. हॅलोवीनची भुतंखेतं मुलाला स्वतःच्या हातांनी कालवू द्या. स्पॅगेटीची गांडुळं तेच चाचपेल, शेवयांचे चेटकिणीचे केस तेच कुरवाळेल, भोपळ्याचं पोटही तेच रिकामं करेल. स्वतः कालवलेल्या गोष्टीची भीती फार वेळ टिकत नाही.

हा खेळ दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आहे. आदल्या रात्री अर्धा तास, सकाळी तासभर तयारी आणि मग तास-दीड तास खेळ, असा हिशेब धरा. घरात दोन मोठी माणसं असतील तर उत्तम, एक मुलापाशी आणि एक ओट्यापाशी. आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर त्यांना मुलाशेजारची खुर्ची द्या. चेटकिणीचा आवाज आजीइतका झकास कोणालाच काढता येत नाही.

सुरू करण्याआधी एकच नियम मनाशी पक्का करा. हात घालायचा की नाही, हे मूल ठरवेल. त्याचं मनगट धरून कुठेही हात बुडवायचा नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही.

साहित्य

मध्यम आकाराचा कोरायचा भोपळा (तीन-चार किलो, म्हणजे सात ते नऊ पाउंड), तांदूळ ४ कप, स्पॅगेटी अर्धं पाकीट, शेवया मूठभर, सब्जा २ मोठे चमचे, कॉर्नस्टार्च २ कप, बेकिंग सोडा ४ मोठे चमचे, पांढरं व्हिनेगर १ कप आणि वर थोडं, मीठ, तेल, खायचे रंग (केशरी, हिरवा, काळा), बिनपावडरचा एक डिस्पोजेबल ग्लव्ह, बुटांचा रिकामा खोका, एक जुना मोजा, दोन मोठ्या पराती, झिपच्या दोन पिशव्या, जुनी चादर आणि दोन जुने टॉवेल.

खरेदी करताना चार गोष्टी सांभाळा. काळा रंग जेलचा घ्या, पातळ काळा रंग राखाडीच्या पुढे जात नाही. कॉर्नस्टार्च म्हणजे भारतात आपण कॉर्नफ्लोअर म्हणून आणतो तीच पांढरीशुभ्र पावडर. अमेरिकेत कॉर्नफ्लोअर लिहिलेल्या पाकिटात मक्याचं पीठ निघतं आणि त्याचा नुसता चिखल होतो. कच्ची कणीक किंवा मैदा या खेळात अजिबात वापरू नका. कच्च्या पिठात जंतू असू शकतात आणि या वयातला हात दर मिनिटाला तोंडात जातो. आणि पाण्यात टाकल्यावर फुगणारे ते रंगीबेरंगी मणी घरातच आणू नका. गिळले तर पोटात फुगतात, आतडं अडवतात आणि गोष्ट शस्त्रक्रियेपर्यंत जाते. त्यांच्या जागी आपला सब्जा आहे, तो त्यांच्याहून जास्त बुळबुळीत आणि जास्त मजेदार आहे.

आदल्या रात्री

१. दिवस ठरवा. ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ दारोदार चॉकलेटं गोळा करण्यात जाते, तेव्हा हा खेळ मध्ये घुसवू नका. आधीच्या शनिवार-रविवारची सकाळ सगळ्यात सोयीची. त्याहून आधी नको, कारण कापलेला भोपळा उबदार घरात थोड्याच दिवसांत बुरशी धरतो.

२. ग्लव्हमध्ये हिरवं पाणी भरा. तांब्याभर पाण्यात हिरव्या रंगाचे दोन-तीन थेंब टाका आणि नरसाळ्याने ओता. तट्ट फुगवू नका. बर्फ होताना पाणी पसरतं आणि बोटं फुटतात. घरात कोणाला लेटेक्सची ॲलर्जी असेल तर नायट्राइलचा ग्लव्ह घ्या.

३. ग्लव्हचं तोंड घट्ट बांधा. बांधण्याआधी आतली हवा दाबून बाहेर काढा, नाहीतर एखादं बोट पोकळ राहतं.

४. ग्लव्ह सपाट ताटलीत ठेवून फ्रीझरमध्ये सरकवा. थेट जाळीवर ठेवू नका, बोटं जाळीत वाकतात आणि सोडवताना मोडतात. रात्रभर विसरून जा.

५. झिपच्या पिशवीत २ कप तांदूळ घाला. साधा, स्वस्तातला तांदूळ पुरे, बासमती जेवायला ठेवा.

६. वाटीत एक छोटा चमचा व्हिनेगर आणि केशरी रंग कालवा. केशरी नसेल तर पिवळ्यात लाल थेंब थेंब घाला. उलटं करू नका, लाल लगेच वरचढ होतो.

७. हे मिश्रण तांदळात ओतून पिशवी बंद करा. झिपवरून बोट दोनदा फिरवून खात्री करा. अर्धवट मिटलेली पिशवी म्हणजे घरभर केशरी तांदूळ.

८. पिशवी मुलाच्या हातात द्या आणि "हलव!" म्हणा. दाणे हळूहळू रंगताना बघणं हा त्याचा पहिला खेळ. जोरात आपटायला लागलं तर पिशवीवर दुसरी पिशवी चढवा.

९. उरलेले २ कप तांदूळ असेच काळे करा. या वेळी वाटीतलं जेल पूर्ण विरघळलंय ना ते बघा, गुठळी राहिली तर काही दाणे काळे आणि बाकीचे करडे होतात.

१०. दोन्ही तांदूळ बेकिंगच्या कागदावर वेगवेगळे पसरा. थर पातळ ठेवा. जाड थर सकाळी ओलाच राहतो आणि बोटांना रंग लागतो.

११. खोक्याच्या बाजूला तुमच्या मुठीएवढं गोल भोक कापा. लहान भोक कापलं तर मुलाचा हात आत जातो पण मूठ बाहेर येत नाही, आणि मग गंमत संपते.

१२. जुन्या मोज्याचा पंजा कापून टाका आणि उरलेली नळी भोकाच्या कडेला आतून चिकटवा. आता बाहेरून आतलं काही दिसणार नाही. चिकटपट्टी घ्या, स्टेपलरच्या पिना नकोत, त्या मनगटाला ओरखडतात.

सकाळी, मूल टेबलाशी येण्याआधी

१३. स्पॅगेटी पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं जास्त शिजवा. जेवायला ती मऊ पडेल, गांडुळांना तशीच हवी. घरी येणाऱ्या एखाद्या मुलाला गहू चालत नसेल तर तांदळाच्या नूडल्स घ्या.

१४. चाळणीत ओतून थंड पाण्याखाली धुवा. आत हात घालून खळबळा. वरून गार लागली तरी मधला गोळा कढत असतो.

१५. मोठा चमचाभर तेल आणि थोडा काळा रंग चोळा. तेल विसरलात तर अर्ध्या तासात सगळ्या गांडुळांचा मिळून एक लगदा होतो.

१६. शेवया शिजवून निथळा आणि त्यांनाही तेलाचं बोट लावा. हे चेटकिणीचे केस. भाजलेल्या शेवया घेतल्या तर केस आपोआप तपकिरी होतात आणि रंगाची गरज उरत नाही.

१७. सब्जा २ कप पाण्यात भिजवा. पंधरा-वीस मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक बुळबुळीत कवच चढतं आणि भांड्यात हुबेहूब बेडकाची अंडी तयार होतात. कोरडा सब्जा मुलाच्या हाती लागू देऊ नका. तो घशात जाऊन तिथेच फुगू शकतो. पूर्ण फुगलेलाच द्या.

१८. भोपळा बाहेरून धुऊन पुसा. शेतातली माती देठाच्या खाचेत दडून बसते, तिथे जुना दातांचा ब्रश फिरवा.

१९. झाकण कापा. हे काम फक्त मोठ्यांचं, आणि मूल दुसऱ्या खोलीत असताना. सुरी आतल्या बाजूला तिरकी धरा. सरळ कापलेलं झाकण परत ठेवताना आत पडतं. ऑक्टोबरमध्ये दुकानात भोपळे कोरायची छोटी दातेरी करवत मिळते, ती मोठ्या सुरीपेक्षा कमी घसरते.

२०. झाकण सोडवून पुन्हा जागेवर बसवा, आणि थांबा! आतला गर काढायचा मोह आवरा. आपण साफसफाईच्या सवयीने हात घालतो आणि मुलाच्या वाट्याची सगळ्यात मोठी मजा कचऱ्याच्या डब्यात जाते. तो चिकट, धागेदार, गार गर मुलासाठी आहे.

एक गोष्ट इथेच सांगते. या भोपळ्याचे घारगे करायचा विचार असेल तर सोडून द्या. कोरायचा मोठा भोपळा पाणचट असतो आणि शेवटी त्याच्या पोटात सोडा-व्हिनेगरही जाणार आहे. घारग्यांसाठी पाय पंपकिन म्हणून मिळणारा छोटा, गोड भोपळा वेगळा आणा.

टेबल मांडताना

२१. जमिनीवर जुनी चादर अंथरा. प्लॅस्टिकचा पडदा अंथरणार असाल तर वर टॉवेल टाका, नुसत्या प्लॅस्टिकवर सब्जा सांडला की पाय घसरतो.

२२. खेळात येणारी प्रत्येक घट्ट वस्तू टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून टाकून बघा. आरपार गेली तर तीन वर्षांखालच्या मुलासमोर ती ठेवायची नाही. दुकानातले प्लॅस्टिकचे छोटे कोळी बहुतेक इथेच नापास होतात. सोललेली द्राक्षं भुताचे डोळे म्हणून ठेवायची पद्धत खूप लोकप्रिय आहे. मी ती ठेवत नाही आणि तुम्हीही ठेवू नका. अख्खं गोल द्राक्ष लहान मुलाच्या घशात बुचासारखं बसतं.

२३. कोमट पाण्याचं भांडं आणि टॉवेल मुलाच्या उजव्या हाताशी ठेवा. ही पायरी गाळू नका. बोटं चिकट झालेली न आवडणारी मुलं बरीच असतात. हात लगेच धुता येतात हे दिसलं की अशी मुलं धुतात, आणि पुन्हा हात घालायला येतात. भांडं दूर सिंकपाशी असेल तर रडू येतं आणि खेळ तिथेच थांबतो.

२४. मुलाला जुने, आखूड बाह्यांचे कपडे घाला. हॅलोवीनचा पोशाख आत्ता नको, तो ३१ तारखेसाठी कोरडा राहू द्या.

२५. खिडकीचा पडदा अर्धा ओढा. दिवे पूर्ण बंद करू नका. अर्धवट उजेडात मजा वाटते, अंधारात हा खेळ खेळ राहत नाही.

आता मुलाला हाक मारा

कोरडे तांदूळ आधी, ओलं आणि चिकट सगळं नंतर. हा क्रम मोडू नका. ओले हात तांदळात गेले की दाणे बोटांना चिकटतात, रंग सुटतो आणि परत मागे जाता येत नाही.

२६. दोन्ही रंगांचे तांदूळ एका परातीत ओता. दोन ढीग शेजारी शेजारी ठेवा, कालवायचं काम मुलाला राहू द्या.

२७. तांदळात वाट्या, डाव, मोठं प्लॅस्टिकचं वटवाघूळ, एखादा छोटा शोभेचा भोपळा पुरा. अर्धी वस्तू वर दिसू द्या, पूर्ण पुरली तर लहान मूल शोधायलाच जात नाही.

२८. गप्प बसा. "हा रंग कोणता? किती मोजलेस?" असली परीक्षा घेऊ नका. दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतण्यात मूल पंधरा मिनिटं सहज रमतं. त्या वेळात तुम्ही चहा प्या, पण नजर परातीवर ठेवा. नाकाकडे दाणा निघाला की शांतपणे हात खाली आणा.

२९. मूल स्वतःहून मान वर करेल तेव्हा तांदळाची परात उचलून उंच ठेवा. खाली ठेवलीत तर पुढच्या दहा मिनिटांत तिच्यात भोपळ्याचा गर पडलेला असेल.

३०. भोपळा टेबलावर आणा आणि त्याला टकटक करायला सांगा. आतून पोकळ आवाज येतो. "कोण आहे आत?" एवढंच विचारा. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट मुलाला ठाऊक असेल तर उत्तर त्याच्याकडून येईल. ठाऊक नसेल तर आजीला आत्ताच सांगू द्या, पुढची पायरी थांबू शकते.

३१. दोघांनी मिळून झाकण उचला. आधी फक्त बघायचं आणि वास घ्यायचा. काही मुलं वासाने नाक मुरडतात, त्यावर हसू नका.

३२. मुलाला लांब दांड्याचा चमचा द्या. हातांआधी चमचा, कारण चमच्याने मूल भोपळ्यापासून हातभर सुरक्षित अंतरावर असतं.

३३. तुम्ही स्वतः कोपरापर्यंत हात घाला. "ईऽऽऽ! गार! चिकट!" असं खुशाल ओरडा, आणि हसत ओरडा. तुमच्या चेहऱ्यावर खरंच किळस दिसली तर मूल तेच उचलेल.

३४. वाट बघा. कोणी लगेच दोन्ही हात खुपसतं. कोणी एक बोट लावून हात धुतं, पुन्हा एक बोट लावतं, पुन्हा धुतं. दोन्ही बरोबर आहे. आज नुसत्या चमच्यावर निभावलं तरी खेळ पूर्ण झाला असं समजा.

३५. निघालेला गर पाण्याच्या मोठ्या पातेल्यात टाका. गर बसतो, बिया वर तरंगतात. मग त्या बोटांनी वेचायच्या. निसटणाऱ्या बिया पकडणं हा लहान बोटांसाठी फार मोठा उद्योग आहे, इथे घाई करू नका. तीन वर्षांखालच्या मुलाशेजारी बसून राहा, बिया तोंडात जाऊ देऊ नका.

३६. वेचलेल्या बिया चाळणीत काढून ओट्यावर ठेवा. टेबलावर ठेवू नका, पुढे रंग आणि सोडा येणार आहे आणि या बिया आपल्याला खायच्या आहेत.

३७. गांडुळं, केस आणि अंडी तीन उघड्या वाडग्यांत मांडा. चार वर्षांखालच्या मुलाला आधी सगळं दाखवायचं. "ही तर स्पॅगेटी!" असं ते ओरडलं तर "हो, पण आज ही गांडुळं आहेत" म्हणा. माहीत असूनही मजा येते, उलट तेव्हाच जास्त येते.

३८. गांडुळांचा वाडगा खोक्यात ठेवून झाकण लावा. पाच वर्षांच्या मुलाला मात्र न दाखवता ठेवा, त्याला ओळखायचं कोडं हवं असतं.

३९. आधी तुम्ही मोज्यातून हात घाला. आत काही तुमचा हात ओढतंय असं नाटक करू नका. पुढच्या वेळी मूल हात घालणार नाही.

४०. आता मुलाची पाळी. हात घातला तर "कसं लागतंय?" विचारा आणि शब्द त्यालाच शोधू द्या. बुळबुळीत, गिळगिळीत, लिबलिबीत, गुळगुळीत, चिकट. मराठीत या कामाला शब्दांची कमी नाही आणि परदेशात वाढणाऱ्या मुलाला ते एरवी ऐकायला मिळत नाहीत. हात घातला नाही तर झाकण उघडा आणि वरून बघू द्या.

४१. वाडगे बदलत केस आणि अंडी पण खोक्यात ठेवा. अंडी शेवटी ठेवा, सब्जा लागलेला हात दुसऱ्या कशात गेला की ते सगळं बुळबुळीत होतं.

४२. बर्फाचा हात फ्रीझरमधून काढून ताटलीत ठेवा. आत्ताच काढा, दहा मिनिटांनी लागणार आहे. फ्रीझरमधून काढलेला बर्फ लगेच ओल्या बोटांना लागला तर चिकटतो आणि कातडी ओढली जाते.

४३. रिकाम्या परातीत २ कप कॉर्नस्टार्च घाला. कोरडा स्टार्च मुलाला आधी चिमटीत धरू द्या, दाबला की कुरकुरतो. फुंकर मारू देऊ नका, डोळ्यांत जातो.

४४. १ कप पाण्यात हिरवा रंग ढवळून त्यातलं पाऊण कप आधी ओता. सगळं एकदम ओतलंत तर पातळ होतं.

४५. बोटांनी तळापासून सावकाश उकरत कालवा. जोरात ढवळायला गेलात की तो दगड होऊन चमचा अडवतो. हीच त्याची गंमत आहे, बिघडलं असं समजू नका.

४६. मूठ वळून तपासा. दाबल्यावर घट्ट गोळा झाला आणि मूठ उघडताच बोटांमधून ओघळला, की जमलं. भुकटी दिसत असेल तर उरलेलं पाणी चमचा-चमचा घाला. घट्ट न होता नुसतंच वाहत असेल तर मोठा चमचा स्टार्च वाढवा.

४७. परात मुलाकडे सरकवा. थापटी मारली की कडक, बोट हळूच ठेवलं की बुडतं. आधी त्याला स्वतः शोधू द्या, मग दाखवा. वीसेक मिनिटांनी घट्ट व्हायला लागलं तर पाण्याचा शिपका मारा.

४८. बर्फाच्या हाताचा ग्लव्ह कात्रीने मनगटापासून कापून सोला. बोटांवरून खेचू नका, अंगठा हमखास तुटतो. तुटलाच तर तो ताटलीत वेगळा ठेवा, मुलांना तुटका अंगठा भारी आवडतो; मूल तीन वर्षांखालचं असेल तर मात्र तो उचलून घ्या. ग्लव्हचे तुकडे लगेच कचऱ्यात टाका.

४९. मुलाला मिठाची वाटी आणि कोमट पाण्याचा कप द्या. मीठ पडलं तिथे बर्फाला खाचा पडतात, कोमट पाण्याने बोटं बारीक होत जातात. मिठाचा हात डोळ्याला लागू देऊ नका. हाताला खरचटलं असेल तर मीठ वगळा.

५०. रिकामा भोपळा रिकाम्या बाथटबमध्ये किंवा अंगणात नेऊन ठेवा. सोडा-व्हिनेगरचा फेस टेबलावर करू नका.

५१. भोपळ्यात ४ मोठे चमचे बेकिंग सोडा घाला. भोपळा खूप मोठा असेल तर आत एक पेला ठेवून त्यात घाला, नाहीतर फेस तळातच राहतो.

५२. हिरवा रंग घातलेलं कपभर व्हिनेगर मुलाला ओतू द्या. मुलाचा चेहरा भोपळ्यावर वाकलेला नको, शिंतोडे डोळ्यांना झोंबतात. फेस उसळत असताना झाकण कधीही लावू नका. "अजून! अजून!" होणारच, व्हिनेगरची बाटली जवळ ठेवा.

आवराआवर

५३. मुलाला कोमट पाण्याने अंघोळ घाला. बाथटबमध्ये भोपळा ठेवला असेल तर आधी तो बाहेर काढा आणि टब धुवा. बोटांवर रंग राहिला असेल तर आधी खोबरेल चोळा आणि मग साबण लावा. नुसता साबण घासत बसलात तर कातडी लाल होते, रंग तसाच राहतो.

५४. कॉर्नस्टार्चचं मिश्रण परातीतच वाळू द्या. सिंकमध्ये ओतू नका, पाइपात बसून पाणी तुंबवतं. वाळल्यावर खरवडून कचऱ्यात टाका.

५५. गांडुळं, केस आणि अंडी पिशवीत बांधून फेकून द्या. उद्यासाठी फ्रिजमध्ये ठेवू नका, एवढ्या हातांतून गेलेलं अन्न टिकत नाही.

५६. कोरडे तांदूळ चाळून बंद बरणीत भरा. शिजवायचे नाहीत. दिवाळी याच सुमारास येते, तेव्हा दारातल्या रांगोळीत केशरी रंग भरायला हेच काढा. मुलं मुठीने भरतात आणि रेघेबाहेर गेलं तरी झाडूने गोळा होतं.

५७. भोपळा आतून धुऊन पुसा आणि दारात ठेवा. आत बॅटरीचा छोटा दिवा लावा. पणती किंवा मेणबत्ती नको, ३१ तारखेला दारात झगमगीत पोशाखातली मुलं येतात आणि ते कापड पटकन पेटतं. बुरशी दिसली की उचलून कंपोस्टमध्ये टाका.

५८. बिया धुऊन कापडावर पूर्ण कोरड्या करा. ओल्या बिया भाजल्या तर वातड होतात.

५९. दोन चमचे तेल, मीठ, हळद आणि चवीपुरतं तिखट चोळून ओव्हनमध्ये ३२५ अंश फॅरनहाइटवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. दहा मिनिटांनी एकदा हलवा, ट्रेच्या कडेच्या बिया आधी करपतात.

६०. थोड्या मोठ्यांसाठी तशाच ठेवा आणि बाकीच्यांची चटणी वाटा. चार वर्षांखालच्या मुलाला अख्ख्या बिया देऊ नका. बियांबरोबर भाजलेलं सुकं खोबरं आणि चार पाकळ्या लसूण घ्या आणि मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. या बियांची साल जाड असते, म्हणून दोनदा फिरवा. बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि मुलाला गरम वरण-भाताबरोबर चिमूटभर वाढा.